दोन कंपन्या एक झाल्या, आता खुर्च्या कशा मांडायच्या?

चाकणचा_वाटसरू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय रुक्ष आहे, पण इथे बँका, कारखाने, आयटी, सगळीकडचे अनुभवी लोक आहेत म्हणून विचारतो.

आम्ही वाहनांचे सुटे भाग बनवतो. आमचा मुख्य प्लांट चाकणला. काही काळापूर्वी आमच्या मालकांनी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतली याच धंद्यातली कंपनी विकत घेतली. आता एनसीएलटीचा (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा) आदेश आला आणि कायद्याने दोन्ही मिळून एक कंपनी झाली. चाकणला कामगार आणि स्टाफ मिळून सहाशेच्या आसपास, अंबडला साडेतीनशे. कंत्राटी वेगळे.

मी एचआरला आहे. संचालक मंडळापुढे नवी रचना मांडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सल्लागारांनी एक तक्ता दिला आहे. दिसायला सुरेख, पण त्यात कोणत्या चौकोनात कोण बसणार ते कोरं सोडलंय. म्हणजे शिव्या खायचा भाग माझ्याकडे. सध्या दोन परचेस हेड, दोन क्वालिटी हेड, दोन फायनान्सवाले आणि हो, एचआर हेडही दोन आहेत. चाकणचा डेप्युटी मॅनेजर साठ माणसं सांभाळतो. अंबडला सिनिअर मॅनेजर म्हणवणाऱ्याच्या हाताखाली चार. दोन्हीकडे युनियन वेगळी, करार वेगळे.

सुरुवात कुठून करावी? वरून खाली की खालून वर? एका जागेवर दोन माणसं असतील तर निवड कशी करावी? आणि पदनाम-पगाराचं काय? कंपनीचं नाव विचारू नका.

---

खिडकीतली_सीट

रुमाल टाकून ठेवतो. रात्री लिहितो.

---

स्केल_थ्री_निवृत्त

वाटसरू साहेब, मी सरकारी बँकेत उमेदीची सगळी वर्षं काढली आणि शेवटी शेवटी विलीनीकरणही अंगावर घेतलं. बँकेचं नाव नको.

लोकांना वाटतं सरकारी बँकांचं एकत्रीकरण म्हणजे महागोंधळ. ग्राहकांना त्रास झाला, नाकारत नाही. पण मनुष्यबळाच्या बाजूने ते बऱ्यापैकी सुरळीत झालं आणि त्याचं कारण चाळीस वर्षं जुनं आहे. पिल्ले समितीनंतर १ जुलै १९७९ पासून सगळ्या राष्ट्रीयीकृत बँकांतल्या अधिकाऱ्यांच्या श्रेणी सारख्या झाल्या, स्केल वन ते स्केल सेव्हन. पगार आयबीए (बँकांची संघटना) आणि कर्मचारी संघटनांच्या करारातून ठरतो, तोही सगळीकडे एकच. त्यामुळे १ एप्रिल २०१९ ला विजया आणि देना या बँका बडोदा बँकेत आल्या, किंवा १ एप्रिल २०२० ला दहा बँकांच्या चार झाल्या, तेव्हा "तुमचा मॅनेजर म्हणजे आमचा कोण?" हा प्रश्न फारसा उरलाच नव्हता. स्केल थ्री म्हणजे स्केल थ्री.

जोड्याही संगणक प्रणाली बघून लावल्या होत्या. कॅनरा आणि सिंडिकेट एका प्रणालीवर, युनियन-आंध्र-कॉर्पोरेशन दुसऱ्या, इंडियन आणि अलाहाबाद तिसऱ्या. माणसांना निदान नवा स्क्रीन शिकावा लागला नाही.

भांडण झालं ते ज्येष्ठतेवरून. काही बँकांत बढत्या भराभर व्हायच्या, काहींत माणूस स्केल टूमध्ये पिकून जायचा. एकत्र यादी लावताना त्या स्केलमध्ये कधी आलात ती तारीख धरली, की संथ बँकेतला पन्नाशीचा माणूस पस्तिशीतल्याच्या खाली जातो. नोकरीला लागल्याची तारीख धरली, की भराभर चढलेले बोंब मारतात. दोन्ही बाजूंचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर असतं. म्हणून तत्त्व आधी जाहीर करावं, यादी नंतर. आधी नावं दिसली की प्रत्येकजण स्वतःला सोयीचं तत्त्व शोधून आणतो.

तुमच्याकडे सामाईक स्केल नाही. ते आधी तयार करा. तक्ता नंतर.

---

धावपट्टी

काकांच्या शेवटच्या ओळीला +१. स्केल आणि ज्येष्ठता ठरवायची राहिली तर काय होतं, त्याचं भारतातलं सगळ्यात महागडं उदाहरण मी सांताक्रूझहून जवळून पाहिलंय.

२००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या. कागदावर एक कंपनी, सुमारे तीस हजार माणसं. पण एकीकडे लांब पल्ल्याची मोठी विमानं, दुसरीकडे देशांतर्गत एअरबस. वैमानिकांच्या संघटना दोन, पगाराच्या पद्धती दोन, आणि फर्स्ट ऑफिसरचा (सहवैमानिकाचा) कमांडर व्हायला लागणारा काळही दोन तऱ्हांचा. वरचे विभाग एकत्र केले, लोगो बदलला. श्रेणी आणि ज्येष्ठतेचं "पुढे बघू" झालं.

ते पुढे म्हणजे किती पुढे? न्या. धर्माधिकारी समिती नेमली २०११ मध्ये, अहवाल आला जानेवारी २०१२ मध्ये. त्याआधी २०११ च्या एप्रिल-मेमध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान पगारासाठी दहा दिवस संप केला. २०१२ च्या मेमध्ये दुसरी बाजू उठली. ड्रीमलायनर (नवं लांब पल्ल्याचं विमान) येणार होती, तिचं प्रशिक्षण पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही द्यायचं ठरलं. एअर इंडियावाले म्हणाले, ही विमानं आमच्या कंपनीने विलीनीकरणाच्या आधी मागवलेली, त्यावर बढतीचा हक्क आमचा. ते आंदोलन ५८ दिवस चाललं.

नीट बघा, भांडण आजच्या पगारापुरतं नव्हतं. कमांडरच्या खुर्चीत मी कधी बसणार, हा प्रश्न होता. रचना काढताना आपण आजची जागा दाखवतो. माणूस मात्र पुढची शिडी कुठे गेली ते बघत असतो.

अलीकडचं उदाहरणही आहे. विस्तारा एअर इंडियात १२ नोव्हेंबर २०२४ ला विलीन झाली. त्याआधी मार्च-एप्रिलमध्येच नव्या वेतनरचनेवरून विस्ताराचे वैमानिक नाराज होते. हमीच्या पगाराचे उड्डाणतास ७० वरून ४० वर येत होते. उड्डाणं रद्द व्हायला लागली आणि शेवटी कंपनीने वेळापत्रकच सुमारे दहा टक्के कमी केलं. म्हणजे पाठीशी इतका इतिहास असूनही वेतनाची जुळणी हीच दुखरी नस.

---

तिरपी_टोपी

एवढं कशाला लिहिता राव. घेणारी कंपनी आपली माणसं वर बसवते, विकली गेलेली कंपनी "सल्लागार" हे पद घेऊन सहा महिन्यांत घरी जाते. बाकी सगळा पॉवरपॉइंट.

---

चाकणचा_वाटसरू

@तिरपी_टोपी: तसंच करायचं असतं तर धागा काढला नसता. अंबडचा टूलरूम आमच्यापेक्षा खरंच चांगला आहे. तिथले दोघे-तिघे गेले तर कंपनी घेऊन उपयोग काय, हे मालकांनाही कळतं.

---

हिंजवडी_टू_जर्सी

तिरपी टोपी यांचं विधान सरसकट खरं नाही. एलटीआय आणि माइंडट्री या आयटी कंपन्यांचं बघा. दोन्ही कंपन्या एल अँड टीच्याच. माइंडट्रीवर २०१९ मध्ये ताबा घेतला तो तिच्या संस्थापकांची इच्छा नसताना. पण नंतर तीन वर्षं तिला वेगळं चालू दिलं. २०२२ च्या मेमध्ये विलीनीकरण जाहीर केलं तेव्हा प्रमुख कोण होणार हेही लगेच सांगितलं, आणि तो माणूस माइंडट्रीकडचा होता, देबाशिस चटर्जी. एलटीआयचे प्रमुख संजय जलोना पायउतार झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एकत्र कंपनी सुरू झाली तोवर "वर कोण" ही कुजबुज संपलेली होती.

माझं मत: पहिले दोन स्तर एकाच दिवशी नावानिशी जाहीर करा. महिनाभर "लवकरच कळवू" चाललं की पहिल्यांदा जातात ते ज्यांना बाहेर सहज नोकरी मिळते ते. मागे उरतात त्यांच्याच भरवशावर मग तुमची रचना.

अवांतर: आयटीत आमचं खरं दुखणं वेगळं होतं. एकाच गिऱ्हाईकाकडे दोन कंपन्यांचे दोन सेल्सवाले. इन्सेन्टिव्ह कोणाचा? हे लिहून न ठेवल्याने एका वर्षाचे बोनस लोंबकळले (ही कंपनी वेगळी, वरची नव्हे).

---

लोखंडी_चौकट

पिंपरी-भोसरी पट्ट्यात आयआर (कामगार-व्यवस्थापन संबंध) सांभाळलंय, त्यामुळे कारखान्याच्या बाजूने लिहितो. वरच्या सगळ्यांनी ऑफिसचा विचार केला. प्लांटमध्ये काही खुर्च्या तुम्हाला एकत्र करताच येत नाहीत.

पहिली गोष्ट, वैधानिक पदं. प्रत्येक कारखान्याला स्वतःचा फॅक्टरी मॅनेजर लागतो. एक माणूस चाकण आणि अंबड दोन्हींचा फॅक्टरी मॅनेजर दाखवला तर इन्स्पेक्टर पहिल्या फेरीत पकडेल. सुरक्षा अधिकारी जुन्या कारखाना कायद्यात १००० कामगारांपासून सक्तीचा होता, नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा ५०० वर आली. कल्याण अधिकाऱ्याची ५०० वरून २५० वर. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात. तुमच्या सल्लागाराचा तक्ता त्याआधीच्या साच्यातला असेल तर तपासून घ्या. अंबडला साडेतीनशेपैकी कामगार अडीचशेच्या वर असतील, तर तिथे तुम्ही कमी करायला निघालेली जागा उलट भरावी लागेल.

दुसरी, क्वालिटी. आयएटीएफ १६९४९ चं (वाहन उद्योगातल्या गुणवत्तेच्या मानकाचं) प्रमाणपत्र प्लांटनिहाय असतं. क्वालिटी हेड खुशाल एकच ठेवा, पण प्रत्येक ठिकाणी गिऱ्हाईकाच्या तक्रारीला उत्तर देणारा आणि लाइन थांबवायचा अधिकार असलेला माणूस हवाच. तो अधिकार पुण्याला नेलात तर अंबडला खराब माल तयार होत राहील आणि सगळे फोन लागायची वाट बघत बसतील.

तिसरी, युनियन. दोन करार एक करायच्या फंदात आत्ता पडू नका. आपल्याकडे करार प्लांटनिहायच होतात, साधारण तीन वर्षांचे. "कंपनी एक, मग करार एक" म्हणालात की दोन्ही युनियन दोन्ही करारांतलं चांगलं तेवढं उचलणार. चाकणचा पगार, अंबडच्या सुट्ट्या आणि दोन्हीकडची बस. करार वेगळे राहू द्या, मुदत संपायच्या तारखा फक्त हळूहळू जवळ आणा.

आणि कायद्याचा पाया विसरू नका. कंपनी हस्तांतरित झाली तर कामगाराची सेवा अखंड धरायची, सेवाशर्ती आधीपेक्षा कमी करायच्या नाहीत, आणि पुढे कपात करावी लागलीच तर नव्या मालकाने जुनी वर्षं धरून भरपाई द्यायची. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात हे २५एफएफ कलमात होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तत्त्व तेच. एनसीएलटीने मंजूर केलेल्या योजनेतही बहुधा असाच परिच्छेद असतो. तो काढून वाचा. बोर्डाला रचना दाखवताना पहिल्या पानावर तोच लावा, म्हणजे "यांना नव्याने अपॉइंटमेंट लेटर देऊ" म्हणणारा गप्प बसेल.

---

अंबडचीच_मी

मी नाशिकची, पण वाटसरूंच्या कंपनीतली नाही (असले तर सांगणार नाही 😀). आमची कंपनीही अशीच एका मोठ्या कंपनीत गेली. मी स्टोअर्समध्ये.

तुम्ही सगळे वरचे चौकोन मोजताय. आम्हाला खाली काय हवं होतं ते सांगते. माझी रजा कोण मंजूर करणार? मटेरियल रिजेक्ट झालं तर सही कोणाची? साहेब तिकडे बसतो, तो इथे कधी येणार? मोठा टाऊनहॉल झाला, व्हिजन सांगितली, केक कापला. रजेचं कोणी बोललं नाही. पुढचे कितीतरी आठवडे आम्ही दोन साहेबांना दोन मेल करायचो. एकाने हो म्हटलं की दुसरा विचारायचा, मला का नाही सांगितलं.

आणि "डॉटेड लाइन" (मुख्य साहेबाशिवाय दुसऱ्यालाही उत्तर द्यायचं) हा प्रकार कृपया कमी ठेवा. आमच्या क्वालिटीच्या एका मुलाला प्लांट हेडकडे ठळक रेघ आणि सेंट्रल क्वालिटीकडे तुटक रेघ होती. अप्रेझल कोणी करायचं यावर दोघे साहेब भांडले आणि त्याची इन्क्रिमेंट अडकली.

---

खिडकीतली_सीट

रुमाल उचलतो. निवडीबद्दल लिहायचं होतं.

एका जागेवर दोन माणसं असतील तर मुलाखती घेऊन "उत्तम निवडू" असं म्हणतात. घेणाऱ्या कंपनीचेच लोक मुलाखत घेणार असतील तर निकाल सगळ्यांना आधीच माहीत असतो. पॅनेलवर दोन्हीकडचा एकेक आणि एक बाहेरचा घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती जागा आधी लिहून काढा: कोणते निर्णय, किती रकमेपर्यंत, किती माणसं, चूक झाली तर किती नुकसान. मग कळतं की बऱ्याचदा दोन माणसं एका जागेसाठी नसतातच. दोन वेगळी कामं एकाच पदनामाखाली चाललेली असतात.

पदनामाचं लोकांना कौतुक असतं, ते उगाच काढून घेऊ नका. व्हिजिटिंग कार्डावर सिनिअर मॅनेजर राहू द्या, आत श्रेणी म-४ की म-५ ते कामावरून ठरवा. लग्नाच्या पत्रिकेत श्रेणी छापत नाहीत.

---

चाकणचा_वाटसरू

बराच माल मिळाला. खिडकीतली_सीट यांची पद्धत परचेसवर लावून बघितली, ती इथे टाकतो, फाडा.

चाकणला परचेसमध्ये अकरा, अंबडला सात. सल्लागार म्हणतो, सेंट्रल परचेस करा, बारा जणांत भागेल. मी कामाची वाटणी केली तेव्हा असं दिसलं: पोलाद, ॲल्युमिनियम इनगॉट आणि बेअरिंग यांची खरेदी एकत्र केली तर भाव नक्की सुधारतो, त्याला तीन-चार जाणते लोक पुरतात. पण टूलिंग, कन्झ्युमेबल, जॉबवर्क हे सगळं स्थानिक. नाशिकच्या सातपूरचा प्लेटिंगवाला चाकणहून हाताळता येत नाही, त्याच्या दारात जाऊनच माल उचलावा लागतो. शिवाय अंबडची दोन माणसं नावाला परचेसमध्ये, दिवसभर करतात व्हेंडर क्वालिटीचं काम. ती काढली तर आठवडाभरात रिजेक्शन वाढेल.

म्हणजे हेड एक, कच्च्या मालाचा छोटा गट एकत्र, बाकी दोन्ही प्लांटला स्थानिक गट प्लांट हेडच्या हाताखाली. माणसं पंधरा, वेगळी दाखवलेली व्हेंडर क्वालिटीची दोन धरून सतरा. वाचतो एकच. बोर्ड विचारणार, मग विलीनीकरणाचा फायदा काय?

---

लोखंडी_चौकट

बोर्डाला सांगा की फायदा इनगॉटच्या भावात आहे, माणसांत नाही. साडेनऊशेच्या कंपनीत परचेसची पाच माणसं वाचवून मिळणारा पैसा कच्च्या मालाच्या भावातल्या एका टक्क्यापुढे किरकोळ आहे. आकडा काढून पुढे ठेवा.

एक खोच मात्र आहे. स्थानिक परचेस प्लांट हेडच्या हाताखाली गेलं की भाव ठरवणारा आणि माल वापरणारा एकच होतो. नवा पुरवठादार नोंदवायचा आणि भाव बदलायचा अधिकार सेंट्रल हेडकडेच ठेवा. ऑर्डर सोडणं खाली.

---

स्केल_थ्री_निवृत्त

वाटसरू साहेब, उत्तम. आता पगाराकडे या. अंबडचा माणूस नव्या श्रेणीत खाली बसला पण आज पगार जास्त घेतोय, त्याचं काय करणार?

बँकांत आणि सरकारात यावर जुनं औषध आहे, वैयक्तिक वेतन. नव्या श्रेणीचं मूळ वेतन लावायचं, फरक वेगळ्या रकान्यात "वैयक्तिक वेतन" म्हणून द्यायचा आणि पुढच्या वाढींत तो जिरवत न्यायचा. हातात येणारी रक्कम घटत नाही, रचनाही बिघडत नाही. जिरवण्याची मुदत आणि पद्धत पत्रात स्पष्ट लिहा. नाहीतर तिसऱ्या वर्षी तो येऊन विचारेल, माझी वाढ गेली कुठे.

---

तिरपी_टोपी

चला, टोपी सरळ करतो. एक खराखुरा प्रश्न. दोन एचआर हेडपैकी कोण राहणार? आणि हा तक्ता त्यातलाच एकजण काढतोय ना?

---

चाकणचा_वाटसरू

बरोब्बर वर्मावर बोट. मी हेड नाही, हेडच्या खालचा. पण माझा साहेब त्या दोघांतला एक आहे. म्हणून एचआर आणि फायनान्सच्या जागा या आराखड्यातून बाहेर काढून थेट एमडी आणि एका स्वतंत्र संचालकाकडे द्याव्यात असं लिहिलंय. साहेबांनी अजून वाचलेलं नाही.

---

धावपट्टी

त्यांनी वाचायच्या आधी एमडींच्या कानावर तोंडी घाला. लेखी नंतर.

---

अंबडचीच_मी

आणि ते रजेचं?

---

चाकणचा_वाटसरू

ताई, घेतलंय. प्रत्येक माणसाला एक पानी पत्र: साहेब कोण, रजा-ओव्हरटाइम-रिजेक्शनला सही कोणाची, मूळ रुजू तारीख कोणती, श्रेणी आणि वेतन किती. तुटक रेघा फक्त क्वालिटी आणि फायनान्सला, आणि अप्रेझल ठळक रेघेवालाच करणार. बोर्डाची मंजुरी आली की चाकण आणि अंबडला एकाच दिवशी वाटप.

एक शंका राहिली. अंबडच्या काही जणांना विलीनीकरणाच्या वेळी चार वर्षं झाली होती. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं आमच्याकडे नव्याने मोजायची?

---

लोखंडी_चौकट

अजिबात नाही. सेवा अखंड, त्यामुळे जुनी चार धरूनच मोजायची. अंबडच्या कंपनीचा ग्रॅच्युइटी ट्रस्ट किंवा एलआयसीची गट पॉलिसी असेल तर ती नव्या कंपनीच्या नावे वर्ग करून घ्या आणि निधी पुरेसा आहे का ते ॲक्च्युअरीकडून (अशी देणी मोजणाऱ्या तज्ज्ञाकडून) तपासा. पीएफचा यूएएन (कायमचा खातेक्रमांक) तोच राहतो, पण जुन्या आस्थापनेच्या कोडवरून हस्तांतर झालंय की नाही ते एकेकाचं बघावं लागेल. हे काम कंटाळवाणं आहे, त्यामुळे हमखास राहून जातं आणि माणूस नोकरी सोडताना उपटतं.